बीपी, मीठ आणि पेशीतला पंप

बीपीची गोळी आणि ‘मीठ कमी करा’ हा सल्ला जळगाव जिल्ह्यातल्या यावल-फैजपूरकडच्या घरांतही आता नवा राहिलेला नाही. गोळी बहुधा अ‍ॅम्लोडिपिनची, म्हणजे रक्तवाहिनीच्या स्नायूत शिरणारे कॅल्शियम अडवणारी. सल्ला मात्र सोडियमचा. या दोहोंची सांगड बसायला ऐंशी वर्षे गेली.

मिठाने रक्तदाब वाढतो, हे फ्रान्समध्ये १९०४ सालीच मांडले गेले होते. का वाढतो, ते उमगत नव्हते. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाब उतरवण्याचा गुण जगापुढे आणला. औषध हाती आले, मूळ कारण अंधारातच राहिले.

१९५७ मध्ये डेन्मार्कच्या येन्स स्कौ यांना पेशीच्या आवरणातला पंप सापडला. एका फेरीत तो तीन सोडियम बाहेर काढतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. १९६० मध्ये जर्मन संशोधकांना रक्तदाबाच्या रुग्णांच्या तांबड्या पेशींत सोडियम जास्त आढळले. दुवा जोडला तो १९७७ मध्ये मॉर्डेकाय ब्लॉस्टीन यांनी: आत सोडियम साचले की कॅल्शियम बाहेर पडायला अडते, स्नायू आवळतो, वाहिनी अरुंद होते. १९८४ मध्ये स्विस संशोधकांना रुग्णांच्या प्लेटलेटमध्ये कॅल्शियमही वाढलेले दिसले.

तेव्हा वाटले, रक्त तपासून रक्तदाबाचा धोका आधीच ओळखता येईल. तसे झाले नाही. निरोगी आणि रुग्ण यांचे आकडे एकमेकांत मिसळत होते. चाचणी प्रयोगशाळेतच राहिली. दवाखान्यात दंडाला बांधायचा पट्टाच कामाला येतो.

पण या शोधाने ताटाकडे बघायची नजर दिली. दिवसाला मीठ पाच ग्रॅमच्या आत हवे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे ते भाजीत कमी केले तरी लोणचे, ठेचा, शेव यांतून येतेच; पापडखारातही सोडियमच. २०२१ मध्ये चीनच्या ६०० खेड्यांतल्या अभ्यासात मिठाचा चौथा हिस्सा पोटॅशियमयुक्त केल्यावर पक्षाघात १४ टक्क्यांनी घटले. पोटॅशियम तर यावलच्या केळीच्या बागांत घडाघडाने लगडलेले असते. तीच केळी खारे वेफर्स होऊन ताटात आली, की सोडियमही सोबत येते.

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र केळी किंवा पोटॅशियमचे मीठ डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. त्यांच्या शरीरातून जास्तीचे पोटॅशियम नीट बाहेर पडत नाही, आणि ते हृदयाला घातक ठरू शकते.