साकुरा, सुट्टी आणि थंडीचा फंडा

चेरी ब्लॉसम बघायला जपानला जायचंय? मग ऊन कधी पडतंय ते नंतर बघा, आधी तिकडची थंडी कशी आहे ते विचारा!

बॉसकडे सुट्टी मागायची तर तारीख हवी. विमानाचं तिकीट स्वस्तात हवं तर तारीख चार महिने आधी हवी. आणि साकुरा, म्हणजे जपानी चेरीचा बहर, तारीख काही सांगत नाही! त्यातून टोकियोत तो येतो नेमका मार्चएण्डला, आपले अकाउंट्सवाले ऑफिसातच मुक्काम ठोकून असतात तेव्हा. पहिल्या फुलापासून पूर्ण बहरापर्यंत जेमतेम आठवडा, पुढच्या आठवड्यात पाकळ्या वाऱ्यावर. तुम्ही उशिरा पोचलात, तर फोटोत नुसती हिरवी पानं.

पाच फुलांची ब्रेकिंग न्यूज

टोकियोच्या यासुकुनी मंदिराच्या आवारात एक चेरीचं झाड आहे. मार्चमध्ये हवामान खात्याचा माणूस तिथे येऊन चक्क फुलं मोजतो. पाच-सहा उमललेली दिसली, की टोकियोत साकुरा आल्याची घोषणा होते. भोवती टीव्ही कॅमेऱ्यांची ही गर्दी! 80 टक्के कळ्या उमलल्या की पूर्ण बहर. मग ऑफिसची अख्खी गँग झाडाखाली निळी ताडपत्री अंथरून पार्टी करते. याला म्हणतात हानामी. जागा अडवायला सकाळपासून कोणाला बसवतात? अर्थात, ऑफिसातल्या सगळ्यात ज्युनिअरला!

थंडीचा गजर

आता खरा फंडा. या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार होतात आणि शरद ऋतूत झोपी जातात. त्यांना जागं करते ती थंडी. काही आठवडे कडक गारठा मिळाला की झोप मोडते, आणि मग पुढे ऊब जितकी जास्त, तितकी फुलं लवकर. जपानमध्ये याचं एक सोपं गणित आहे. 1 फेब्रुवारीपासून रोजचं कमाल तापमान बेरीज करत जा. 600 झालं की फुलं आलीच समजा. म्हणजे सरासरी 12 अंश असेल, तर 50 दिवस, साधारण 22 मार्च. अंदाज तसा ढोबळच. जपानमध्ये सर्वत्र दिसणारी 'सोमेई योशिनो' ही जात कलमांनी वाढवलेली, सगळी झाडं जणू एकमेकांची झेरॉक्स. म्हणून एका शहरातली झाडं जवळपास एकदम फुलतात.

मग हिवाळा उबदार झाला की साकुरा लवकर येणार? इथेच गंमत आहे. 2020 मध्ये टोकियोत पहिली फुलं 14 मार्चलाच आली. पण दूर दक्षिणेतल्या, एरवीच उबदार असलेल्या कागोशिमात ती आली 1 एप्रिलला! टोकियोला जागं होण्यापुरती थंडी मिळाली होती, कागोशिमात गजरच नीट वाजला नाही. आपल्या कोकणातला आंबाही मोहरासाठी थंडीचीच वाट बघतो की!

बाराशे वर्षांची डायरी

क्योतोतल्या बहराच्या नोंदी थेट इ. स. 812 पर्यंत मागे जातात. यासुयुकी आओनो या संशोधकाने जुन्या रोजनिशा चाळून त्या जमवल्या. 2021 मध्ये तिथे 26 मार्चला पूर्ण बहर आला, तोपर्यंतच्या सगळ्या नोंदींमधला सर्वात लवकरचा. जपानमध्ये शाळा आणि नोकरीचं नवं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. नव्या सुरुवातीला डोक्यावर साकुरा, हे चित्र तिकडच्या पिढ्यांच्या मनात पक्कं. आता अनेक ठिकाणी पहिल्या दिवसाआधीच पाकळ्या गळून गेलेल्या असतात. आणि हिवाळे असेच तापत राहिले, तर दक्षिणेतल्या झाडांची झोप अर्धवटच मोडेल, बहर विरळ आणि विस्कळीत होईल. आपल्या हुकलेल्या सुट्टीपेक्षा हे टेन्शन मोठं आहे.

प्लॅन करताय?

- टोकियोची सरासरी : पहिली फुलं 24 मार्च, पूर्ण बहर 31 मार्च. सुट्टी मार्चअखेरची घ्या, दोन्हीकडे दोन-तीन दिवस मोकळे ठेवा.
- जानेवारीपासून खासगी कंपन्यांचे अंदाज येतात, ते बघत राहा.
- टोकियो हुकलं? उत्तरेला चला. साप्पोरोत पहिली फुलं मेच्या सुरुवातीला येतात.
- बजेट नाही? शिलाँगला चेरी फुलते नोव्हेंबरमध्ये. मार्चएण्डची कटकटच नाही!