फुंकेचा सूर गजावर

बारामती-इंदापूर पट्ट्यात लग्नसराईला सनई वाजते, तेव्हा मांडवात कुणाचं फारसं लक्ष नसतं. लक्ष दिलं तर थक्क व्हायला होतं. वादक श्वास घेतो, पण सूर तुटत नाही! गालांत साठवलेली हवा तो बाहेर ढकलत असतो आणि त्याच क्षणी नाकाने नवी ओढत असतो.

हे संगीत तारांवर नेता येईल? गजाला श्वास लागत नाही; पण तो टोकाला पोहोचला की उलटा फिरवावा लागतो. वाईत जन्मलेल्या पंडित व्ही. जी. जोगांचं व्हायोलिन आणि उस्ताद बिस्मिल्ला खाँची सनई यांची जुगलबंदी ऐका. गज नेमका कुठे वळला ते शोधत बसावं लागतं.

युरोपात हे स्थलांतर कागदावर होतं. मोझार्टने आठ सुषिर वाद्यांसाठी लिहिलेली सी मायनर सेरेनेड १७८७च्या सुमारास स्वतःच पाच तंतुवाद्यांवर आणली. तीन तंतुवाद्यांवर, म्हणजे व्हायोलिन, व्हिओला आणि चेलोवर, रचना उतरवायची तर कसोटी आणखी कडक. मोझार्टच्याच बॅसेट हॉर्न (क्लॅरिनेटच्या कुळातलं, खालच्या सुरांचं वाद्य) त्रयी किंवा बेथोव्हेनची दोन ओबो आणि इंग्लिश हॉर्नची त्रयी (ओपस ८७) अशा क्वचित कानी पडणाऱ्या रचना इथे हाताशी येतात. तीन वाद्यांच्या तीन ओळी, तीन तंतुवाद्यं. काम सोपं वाटतं. पण क्लॅरिनेट व्हायोलिनच्या सर्वांत खालच्या सुराच्याही खाली उतरतं, मग ती जागा व्हिओलाकडे जाते. बॅसेट हॉर्न त्याहून खाली जातं, तिथे चेलोच हवा. फुंकवाद्यांना सोयीची ई फ्लॅट पट्टी तारांना अडचणीची, म्हणून काही जण ती डीवर आणतात. मोकळ्या तारा घुमू लागतात. मूळचा मऊ, किंचित झाकोळलेला रंग मात्र उजळतो. माझ्या मते ही सोय महागात पडते.

सगळ्यात नाजूक प्रश्न विरामांचा. वादकाला दम घेता यावा म्हणून ठेवलेल्या जागा तंतुवादकाला अनावश्यक वाटतात आणि त्या भरून टाकायचा मोह होतो. भरल्या की वाक्यं एकमेकांत घुसतात. चांगला रूपांतरकार त्या जागा राखतो आणि श्वास घ्यायचा तिथे गज उचलायला सांगतो.

मोझार्टच्या त्या सी मायनर सेरेनेडच्या दोन्ही आवृत्त्या, के. ३८८ आणि के. ४०६, इंटरनेटवर सहज सापडतात. लागोपाठ ऐका, आधी फुंकेची, मग तारांची.