दोन घरांचा संसार आणि बंद झालेली वाट

२५ मार्च २०२०. त्या दिवशी गुढीपाडवा होता आणि कोरोनाच्या साथीमुळे लागलेल्या देशभरातल्या लॉकडाऊनचा पहिला दिवसही. शिमग्याला गावी जाऊन आलेले चाकरमानी नुकतेच कामावर रुजू झाले होते. आता मे महिन्यात पोरांना घेऊन पुन्हा जायचं, हे ठरलेलंच होतं. तेवढ्यात ‘घरातच राहा’ असा आदेश आला. तो पाळायला कुणाचीच ना नव्हती. पण रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या असंख्य कुटुंबांचा संसार एका घरात कधी मावलेलाच नाही.

गिरण्या सुरू झाल्या तेव्हापासून कोकणातला कर्ता माणूस मुंबईत आणि म्हातारे आईवडील, बायको, शेती गावाकडे, अशी विभागणी पडत गेली. पुढे बायकामुलंही मुंबईला आली, तरी गावचं घर सुटलं नाही. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, तो याच विभागणीचा हिशेब. मुंबईहून पैसे जायचे आणि गावाहून तांदूळ, कुळथाचं पीठ, आमसुलं यायची. ही ये-जा चालू होती म्हणून दोन्ही चुली पेटत होत्या. लॉकडाऊनने ती एका रात्रीत थांबवली.

मुंबईतली खोली कशी चालते, हे समजून घेतलं की पुढचं सारं उलगडतं. लालबाग-परळच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत सहा-सात माणसं नांदू शकतात, कारण ती सगळी एकाच वेळी घरात नसतात. एक रात्रपाळीला, दुसरा दुकानात, मुलं शाळेत आणि आजोबा कट्ट्यावर. लॉकडाऊनने या सगळ्यांना चोवीस तास एकत्र आणलं. संडास मजल्याच्या टोकाला आणि सामाईक. त्यात घरातल्या एखाद्याला ताप आला, तर त्याला वेगळं ठेवायचं कुठे? घरातल्या बाईला तर दिवसभरात दाराआड घटकाभर एकटं बसायलाही जागा उरली नाही. त्यात रोजंदारी बंद आणि खोलीचं भाडं मात्र चालू.

अशा वेळी कोकणी माणसाला गाव आठवतं, आणि त्याला इतिहास आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा लाखो लोक शहर सोडून गेले. त्या प्लेगमुळे केलेला १८९७चा साथरोग कायदा २०२० मध्येही वापरला गेला. १९८२च्या गिरणी संपातही अनेक कामगारांनी गावाचाच आसरा घेतला. संकटात पाठ टेकायला गाव आहे, या भरवशावर पिढ्यांनी मुंबईत हाल सोसले. या वेळी मात्र जिल्ह्याची हद्द ओलांडायला पास लागला, आणि पास काढून पोहोचलेल्यांना काही गावांत वेशीवरच अडवलं गेलं.

‘आपलीच माणसं आपल्याला नको झाली’ ही तेव्हाची भावना खरी होती आणि ती अनेकांच्या मनात अजून ओली आहे. पण गावाची भीतीही खोटी नव्हती. घराघरात साठी-सत्तरी ओलांडलेली माणसं, तालुक्याच्या गावीही अतिदक्षतेची सोय तुटपुंजी. मुलगा, सून, नातवंडं आली की आनंदाने धावणाऱ्या आजीलाच त्यांच्यापासून सर्वाधिक धोका होता. म्हणून आलेल्यांना जिल्हा परिषदेच्या शाळेत चौदा दिवस ठेवलं जाई. घरून डबा यायचा, तो अंतरावर ठेवून माणूस मागे फिरायचा. त्या डब्यात माया होती, पण पाठीवर हात फिरवता येत नव्हता.

३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांवरची कौलं, पत्रे उडाले. वीज गेली, फोन लागेनात. एरवी जे दुसऱ्याच दिवशी गाडी पकडून कौलं शाकारायला गेले असते, ते मुलगे मुंबईत अडकून पडले. आईवडील धड आहेत की नाही, एवढंसुद्धा अनेकांना कळेना.

त्या वर्षी २२ ऑगस्टला गणेश चतुर्थी होती. घरच्या गणपतीला जायचं नाही, ही कल्पनाच कोकणात कुणाला सोसत नाही. अखेर विलगीकरणाचा काळ दहा दिवसांवर आला, एसटीच्या जादा गाड्या सुटल्या. ज्यांना रजा आणि प्रवास जमला ते गेले. बाकीच्यांनी आरती मोबाइलवर पाहिली.

या अनुभवातून एक गोष्ट आपण ठामपणे मागायला हवी. साथ आली की माणूस गावी जाणार, हे सव्वाशे वर्षांपासून ठाऊक आहे. तेव्हा ते जाणं गुन्ह्यासारखं वागवू नये, त्याची आधीच तयारी असावी. निघण्यापूर्वी तपासणी, ठरलेल्या गाड्या, गावात दिवा-पाणी-संडास असलेली विलगीकरणाची जागा आणि सुसज्ज प्राथमिक आरोग्य केंद्र. एवढं असतं तर गावाला स्वतःच्याच लेकरांची भीती वाटली नसती. त्या दिवसांत नाती तुटली नाहीत, यात कोकणातल्या माणसांची चिकाटी आहे. पण दर संकटात सगळा भार त्या चिकाटीवरच टाकायचा, हे कोणत्याही शासनाला शोभत नाही.