नानखटाईच्या पोटात आंबा

हजीऱ्याचे नाव काढले की पोलाद, खत, बंदर आणि गॅस आठवतो. इथूनच हजीरा-विजयपूर-जगदीशपूर ही गॅसवाहिनी उत्तरेकडे निघते आणि इथूनच घोघ्याला जाणारी रो-रो बोट सुटते. बेकरीसाठी हे गाव कोणाला माहीत असण्याचे कारण नाही. पण सुरतेत भट्टीवर भाजलेला पाव आला तो तापीच्या याच मुखातून. शेजारच्या सुवाळीच्या किनाऱ्यावर युरोपीय जहाजे नांगर टाकत. १६१२ मध्ये इंग्रजांनी पोर्तुगीजांना समुद्रात हरवले तेही इथेच. त्यामागोमाग डच आले, वखार घातली आणि वखारीतल्या लोकांना रोजचा पाव हवा म्हणून भट्ट्याही घातल्या. आज सुरतेत आंबा, अननस, चिकू असे गोड फळ पोटात भरलेल्या परदेशी वळणाच्या पेस्ट्रीची हौस वाढते आहे. तिच्याबद्दल माझे एकच म्हणणे आहे: फळ भरायचेच असेल तर ते क्रोसाँत किंवा खारीच्या पदरांत नको, नानखटाईच्या पिठात भरा. हे म्हणणे शहराच्या अभिमानातून आलेले नाही, पाण्याच्या हिशेबातून आलेले आहे.

सुरतेच्या बेकरीचा अधिकृत इतिहास थोडक्यात असा. डच निघून गेले आणि त्यांची भट्टी फरामजी पेस्तनजी दोटीवाला यांच्याकडे आली. नानपुऱ्यात मक्काई पुलाजवळचे दोटीवालांचे दुकान आपला आरंभ १८६१चा सांगते. डचांनी मात्र १८२४च्या करारानंतर, १८२५ मध्येच सुरत सोडली होती. मधल्या पस्तीसएक वर्षांचा मेळ घालणे अवघड आहे, पण घराण्याच्या कथांना इतकी सवलत द्यावी. महत्त्वाचे पुढचे आहे. गोरे गिऱ्हाईक गेल्यावर पाव उरू लागला. ताडीने आंबवलेला आणि अंड्याचा संशय असलेला जिन्नस स्थानिक हिंदू घेईनात. मग उरलेले पाव भट्टीच्या मंद आचेवर पुन्हा वाळवले गेले, त्यांचे बटासे झाले, आणि ते टिकतात, पचतात असे दिसल्यावर लोक मुद्दाम मागू लागले. नानखटाईतून तर ताडी आणि अंडे दोन्ही गेले. मैदा, साखर, तूप एवढ्यावर काम भागले आणि पाण्याचा थेंबही लागेना. म्हणजे सुरतेच्या बेकरीचे यश पदार्थातले पाणी काढून टाकण्यात आहे. खाडीवरून येणाऱ्या दमट वाऱ्यात जे टिकले ते कोरडे होते म्हणून टिकले.

फळाची पेस्ट्री याच्या नेमके उलट मागते. पिकल्या आंब्यात शंभरातले ऐंशीच्या वर भाग पाणी असते. खारीचे पदर सुटतात ते लोण्यातल्या आणि पिठातल्या ओलाव्याची वाफ होऊन. त्यांच्यात ओला रस ठेवला की खालचे पदर वाफेऐवजी रसच पितात, एकमेकांना चिकटतात आणि वरचा भाग फुगून लाल झाला तरी तळ कच्चट राहतो. भाजताना हे कसेबसे सांभाळले तरी काचेच्या कपाटात ठेवल्यावर तेच सुरू होते. फळ आणि आवरण यांच्यातले मोकळे पाणी समसमान होईपर्यंत ओलावा सरकत राहतो, आणि तो पुरता थांबवणे आचाऱ्याला अवघड असते. अन्नशास्त्रात पदार्थातल्या मोकळ्या पाण्याला शून्य ते एक असा आकडा देतात. ताजे फळ ०.९८च्या आसपास, दाट जॅम ०.८च्या आगेमागे आणि खुसखुशीत बिस्किट ०.४च्या खाली. ही दरी जितकी मोठी, तितकी पेस्ट्री लवकर मऊ पडणार. खारीचा सगळा जीव तिच्या कुरकुरीत असण्यात आहे. तो गेला की खाण्यासारखे काही उरत नाही. नानखटाईचे तसे नाही. तिचा भुसभुशीतपणा तुपाचा असतो. तुपाने मैद्याचे कण आधीच माखलेले असल्याने पाणी आत शिरायला वेळ लागतो, आणि थोडे शिरले तरी ती जरा मऊ होते, बिघडत नाही.

याचा पुरावा तैवानात आहे. तिथला प्रसिद्ध अननसाचा केक नावापुरताच केक. प्रत्यक्षात लोणी घातलेल्या भुसभुशीत आवरणात आटवलेला अननस दाबून भरलेली वडी. जपानी राजवटीत, १८९५ ते १९४५ या काळात, तिथे अननसाची लागवड आणि डबाबंदी वाढली. भाजण्याची पाश्चात्त्य रीत आणि जुनी चिनी मिठाई यांचा मेळ या वडीत बसला आहे. सारणात कित्येकदा अननसाबरोबर चक्क कोहळा असतो, कारण नुसता अननस आंबट आणि धाग्यांचा लागतो. ही वडी प्रवासी लोक भेट म्हणून विमानातून नेतात. आंब्याच्या रसाने भरलेले क्रोसाँत घरी नेईपर्यंत टिकले तर नशीब.

तेव्हा खरे काम भट्टीच्या आधी, कढईत आहे. साधारण १६ टक्के घनभाग असलेला एक किलो आमरस घ्या, त्यात ३०० ग्रॅम साखर घाला आणि घनभाग ७५ टक्के होईपर्यंत आटवा. सहाशे ग्रॅमच्या आसपास गोळा उरतो, म्हणजे जवळजवळ ७०० ग्रॅम पाणी उडवावे लागते. पहिला अर्धा भाग सोपा असतो. नंतर रस दाट होतो, वाफेला वाट मिळेनाशी होते, बुडबुडे फुटून मनगटापर्यंत चटके बसतात आणि उलथने क्षणभर थांबले तर बूड लागते. उलथन्याने कढईच्या तळावर रेघ ओढावी. ती लगेच बुजली तर अजून वेळ आहे, पिवळा तळ उघडा राहिला आणि गोळा कडा सोडू लागला तर झाले. गोव्यात पेरूचे पेराड याच खुणेवर उतरवतात. कोकणात आंबापोळी उन्हात वाळते, आटवलेला रस वर्षभर ठेवतात. पाणी काढून फळ टिकवण्याची ही विद्या आणि पाणी काढून पीठ टिकवण्याची सुरतेची विद्या एकाच किनाऱ्यावर शेजारी शेजारी राहिल्या, आणि त्यांची सोयरीक फारशी कोणी जुळवली नाही, याचे मला नवल वाटते.

यावर आक्षेप येणारच. पहिला असा की आटवलेला आंबा हा आंबा नव्हेच. त्याचा ताजा वास कढईतून उडून जातो. हे खरे आहे. पण भट्टीच्या दोनशे अंशांत ताज्या रसाचाही तो वास टिकत नाही, म्हणूनच बाजारातल्या बऱ्याच सारणांत वरून अर्क घालतात. आटवलेल्या आंब्याला निदान स्वतःची, किंचित करपट-गोड चव असते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार: नानखटाई तडकते, आणि तडकणे हीच तिची शोभा, मग तिच्या पोटात काही राहील कसे? उत्तर असे की ती तडकते ती पसरून फुगल्यामुळे. पिठातला सोडा काढा, चमचाभर दूध-पावडर घालून पीठ जरा बांधा, साच्यात दाबून भाजा, ते तडकत नाही. मग ती नानखटाई राहिली का, असे कोणी विचारले तर मी वाद घालणार नाही. नाव काहीही द्या.

अडचणी याहून चिवट आहेत. सुरत आणि मुंबईच्या मध्ये घोलवड-डहाणूचा चिकू आहे, भौगोलिक मानांकन मिळालेला. तपकिरी, दाट, जात्याच मिठाईसारखा असलेला हा चिकू या पेस्ट्रीसाठीच जन्मला असे वाटते. पण त्यात आंबटपणा जवळजवळ नाही. फळातल्या पेक्टिनचा गोळा बसायला साखरेबरोबर आम्ल लागते. ते नसेल तर गोळा चिकट होतो, बसत नाही, आणि कमी आम्लाच्या पदार्थात जंतूंनाही वाव जास्त. लिंबू पिळावे तर चिकूची चवच झाकते. तैवानने आंबट अननसाला मुका कोहळा दिला, तसा इथे मुक्या चिकूला आंबट अननस किंवा कैरीचा गर द्यावा असे मला वाटते. पण प्रमाण बसवण्याला कोणीतरी हंगाम घालवावा लागेल. तुपाचा प्रश्न त्याहून मोठा. तीस अंशांच्या पुढे तूप पातळ होऊ लागते आणि मे महिन्यात, म्हणजे ऐन आंब्याच्या हंगामात, दुपारी पीठ साच्यात बसतच नाही. हाताला लागते, भट्टीत पसरते, तळातून सारण बाहेर येते. बेकऱ्या वनस्पती तुपाकडे वळल्या त्यामागे किमतीइतकेच हेही कारण होते, ते उष्म्यात घट्ट राहते. जानेवारी २०२२पासून अशा तुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आली, जुने वनस्पती गेले आणि त्या जागी आलेली मिश्रणे प्रत्येक पिंपाला वेगळी वागतात. डबाबंद रस वापरून हे भाजकाम डिसेंबरात करता येते, आणि बहुधा तेच शहाणपणाचे. फक्त गिऱ्हाईक आंबा मागते मे महिन्यात.

शेवटी आच. लाकडावर पेटणाऱ्या विटांच्या भट्टीची फरशी तासन्‌तास तापलेली असते, ट्रे ठेवल्याबरोबर तळाला उष्णता मिळते आणि सारणाला पाणी सोडायला सवड राहत नाही. गॅसच्या ओव्हनमध्ये धूर नाही, राख नाही, आच हवी तशी. पण पातळ पत्र्याचे दार उघडले की तळ थंड होतो, आणि फळ भरलेल्या पदार्थाला तिथेच मार बसतो. जाड दगडी फरशी बसवली तर हे सुटते. तिला तापायला वेळ लागतो, गॅसचे बिल वाढते, आणि लहान बेकरीवाला हा खर्च एका नव्या पदार्थासाठी करायला धजत नाही. त्याच फरशीवर बटासे आणि नानखटाई रोज भाजायची असेल तरच त्याचा हिशेब बसतो.