कुंडीतल्या झाडाचं पान अचानक पांढरं का होतं?

मालवणकडच्या पडवीत टांगलेल्या मनीप्लांटला अधूनमधून एखादं पांढरंफटक पान फुटतं. ही करणी नव्हे, की खताची उणीवही नव्हे. शेंड्यातल्या वाढबिंदूत पेशींचं विभाजन सतत चालू असतं. एखाद्या पेशीच्या जनुकात बदल झाला, की तिच्यापासून वाढलेला भागही तसाच निघतो. ज्या पेशींना हरितद्रव्य बनवता येत नाही, त्यांचा पट्टा पांढरा किंवा पिवळा दिसतो.

पिवळ्या काठाचं स्नेक प्लांट घ्या. त्याच्या पानात दोन प्रकारच्या पेशी शेजारी नांदतात. पानाचा तुकडा मातीत खोचला, तर नवं रोप बहुधा साधं हिरवंच येतं. पिवळा काठ हवा असेल, तर मुळांसकट कोंब वेगळा करून लावावा.

वाढबिंदूतल्या बदलाचा दुसरा प्रकार चपट्या वाढीचा. वाढबिंदू रेषेसारखा रुंदावतो, खोड पट्टीसारखं होतं आणि माथा पंख्यासारखा पसरतो. कॅक्टसमध्ये हे कधीकधी पाहायला मिळतं. याचं कारण जनुकबदल असू शकतं, शेंड्याला झालेली इजा किंवा जिवाणूही. अंगणातल्या कोंबड्याच्या फुलाचा मखमली तुरा ही अशीच वाढ. माणसानं बियाणं निवडून ती पिढ्यान्‌पिढ्या टिकवली.

पुन्हा रंगाकडे वळू. पूर्ण पांढरी फांदी स्वतःचं अन्न बनवू शकत नाही. ती वेगळी लावली तर जगत नाही. रंगीत झाडावरची पूर्ण हिरवी फांदी मात्र जोमानं वाढून बाकीच्यांना मागे टाकते, म्हणून ती वेळीच छाटावी. पानं आकसलेली, वेडीवाकडी नि ठिपकेदार असतील, तर विषाणूचा किंवा किडीचा संशय घ्या आणि त्या झाडाची फांदी शेजाऱ्यांना देऊ नका.