संशोधनाचा परतावा कोणाच्या खात्यावर?

माहूर-किनवट पट्ट्यातल्या जुन्या कापूसकऱ्याला 'नांदेड-44' हे नाव नवं नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या नांदेडमधल्या कापूस संशोधन केंद्रात तयार झालेला हा संकरित वाण 1980च्या दशकात आला आणि महाराष्ट्राबाहेरही पसरला. पावसाने ओढ दिली तरी तग धरायचा. पहिला बहार हातचा गेला तरी पुन्हा फुटायचा. शेतकऱ्याच्या घरात त्याचा पैसा आला. विद्यापीठाच्या तिजोरीत किती आला, हे विचारायची कोणाला गरजही वाटली नाही.

कंपनीला हा प्रश्न टाळता येत नाही. पण उत्तर अवघड असतं. मूळ संशोधनाचा खर्च त्याच वर्षीच्या नफ्यातून वजा होतो, उत्पन्न मात्र काही वर्षांनी येतं. त्यामुळे यंदाच्या विक्रीला यंदाच्या संशोधन खर्चाने भागून काही कळत नाही. अर्थशास्त्रज्ञ मग मागच्या सगळ्या खर्चाचं 'ज्ञानाचं भांडवल' मांडतात आणि त्यावर वर्षाला साधारण 15 टक्के घसारा धरतात. हा आकडा बराचसा रूढीनेच चालत आलाय. बोंडअळी तो थोडाच पाळणार? बोंडअळीला रोखण्यासाठी आणलेल्या, 2006 मध्ये परवानगी मिळालेल्या बीजी-2 या बीटी कपाशीची बोंडं 2017च्या हंगामात गुलाबी अळीने विदर्भ-मराठवाड्यात सर्रास पोखरली.

घसाऱ्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे कुंपण: संशोधनाचा फायदा कंपनीला किती अडवता येतो. जालन्याच्या महिकोने मोन्सँटोचं बीटी जनुक आपल्या वाणांत आणलं, 2002 मध्ये परवानगी मिळाली. बियाण्याच्या पाकिटावर जनुकाची रॉयल्टी घेतली जाई. 2016 मध्ये केंद्राने ती बीजी-2च्या पाकिटामागे 49 रुपयांवर आणली, 2020 मध्ये शून्यावर. जनुक तेच, संशोधनाचा खर्च कधीचाच झालेला. परतावा बदलला तो सरकारी अधिसूचनेने. तेव्हा कंपनीचा परतावा म्हणजे संशोधनाची किंमत नव्हे, त्यातला कंपनीला अडवून ठेवता आलेला वाटा.

समाजाच्या बाजूनेही परतावा मोजता येतो. अर्थशास्त्रज्ञ झ्वी ग्रिलिचेस यांनी 1958 मध्ये अमेरिकेतल्या संकरित मक्याचा हिशेब मांडला. समाजाला मिळालेला परतावा वर्षाला किमान 700 टक्के निघाला! हा हिशेब तेल लागलेल्या विहिरीचा आहे, हे त्यांनीच बजावलं होतं. कोरड्या गेलेल्या विहिरी त्यात नव्हत्या.

नांदेड-44चा असा हिशेब परभणीच्या कृषी विद्यापीठाने मांडावा. केंद्राचा खर्च, बियाण्याची विक्री, तालुकावार पेरा, सगळं धरून. आणि शेतापर्यंत न पोहोचलेल्या वाणांचा खर्चही त्यात घालावा.