बंद घरातला रेडॉन

१९८४ साली अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका अणुवीज केंद्रात एक अभियंता कामावर शिरताच किरणोत्साराची सूचना देणारी घंटा वाजू लागली. शोध घेता उगम केंद्रात नव्हे, त्याच्या घरात सापडला! तेथील हवेत रेडॉन वायू प्रचंड प्रमाणात साठला होता.

हा रेडॉन येतो कोठून? खडक-मातीतील युरेनियमच्या क्षयातून पुढे रेडियम व रेडियमपासून रेडॉन बनतो. त्याला रंग नाही, वास नाही. उघड्यावर तो विरून जातो. थंड प्रदेशातील तापवलेल्या घरात मात्र गरम हवा वरून निसटते, खालचा दाब किंचित कमी होतो आणि जमिनीच्या भेगांतून मातीतली हवा आत ओढली जाते.

१९७३ च्या तेलटंचाईनंतर तेथे इंधन वाचवण्यासाठी दारे-खिडक्यांच्या फटी बुजवण्यावर भर आला. ऊब टिकली, पण हवा खेळायची थांबली तर रेडॉनही कोंडतो. त्यापासून बनणारे पोलोनियमचे अणू श्वासावाटे फुफ्फुसात बसून अल्फा कण सोडतात. अनेक देशांत धूम्रपानाखालोखाल फुफ्फुसाच्या कर्करोगाचे हेच मोठे कारण आहे.

मग ऊर्जाबचत सोडायची का? मुळीच नाही. जमिनीच्या भेगा बुजवाव्यात, फरशीखालची हवा नळी व पंख्याने छपरावर सोडावी आणि ताजी हवा आत येऊ द्यावी. बाहेर जाणाऱ्या हवेची उष्णता आत येणाऱ्या हवेला देणारी यंत्रे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये सुचवलेली संदर्भ पातळी दर घनमीटरला १०० बेकरेल आहे. ती ओलांडली की नाही, हे नाकाला कळत नाही, मोजावेच लागते.